धूर दिसत नाही, तरी हवा का बिघडते?

थंडीचे महिने आले की घर उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे येऊ लागतात, आणि त्यांच्या मागोमाग शेजाऱ्यांचीही येतात. या अंकासाठी निवडलेले प्रश्न थोडे संक्षिप्त केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही जुनी शेगडी काढून प्रमाणपत्र असलेली नवी, बंद दाराची शेगडी बसवली आहे. धुराड्यातून धूर जवळजवळ दिसतच नाही. तरीही संध्याकाळी हवा बिघडते अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असू शकते का?

उत्तर : असू शकते. डोळ्यांना दिसणारा धूर हे प्रदूषण मोजण्याचे फार ढोबळ साधन आहे. लाकडाच्या धुरातील बहुसंख्य कण एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात आणि ते विरळ असले की डोळ्यांना जाणवत नाहीत. शिवाय धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमध्ये सेंद्रिय पदार्थांची बाष्पे असतात. बाहेरच्या थंड हवेत ती निवतात आणि त्यांचे कण बनतात, त्यामुळे धुराड्याच्या तोंडाशी स्वच्छ वाटणारा झोत काही अंतरावर तितका स्वच्छ राहिलेला नसतो.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. अमेरिकेत मे २०२० पासून लागू असलेल्या मर्यादेनुसार नव्या शेगडीने तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त कण सोडू नयेत, आणि नेहमीच्या सरपणावर चाचणी घेतली असल्यास ही मर्यादा २.५ ग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुधारलेल्या मार्गदर्शक मूल्यांनुसार पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावे. २ ग्रॅम कण या पातळीपर्यंत विरळ करायचे तर दर तासाला सुमारे १ लाख ३३ हजार घनमीटर पूर्णपणे स्वच्छ हवा लागते. वारा वाहत असेल तर एवढी हवा सहज मिळते. वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतचा जेमतेम पन्नास मीटर जाडीचा थरच धुराच्या वाट्याला आला, तर एका उत्तम शेगडीच्या एका तासाच्या धुराला सुमारे दोन तृतीयांश एकर क्षेत्रावरची सगळी हवा लागेल. वस्तीत घरे याहून कितीतरी दाट असतात.

हा हिशेबही शेगडीच्या बाजूने थोडा उदार आहे, कारण २ ग्रॅमचा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तेथे लाकूड ठरावीक ओलाव्याचे असते आणि शेगडी हाताळणारा माणूस त्या कामात तयार झालेला असतो. २०२३ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच महानिरीक्षक कार्यालयाने असा निष्कर्ष काढला की, शेगड्या ग्राहकांच्या हाती पडण्यापूर्वी त्यांची चाचणी आणि प्रमाणन योग्य रीतीने झाले आहे याची पुरेशी खात्री प्रचलित व्यवस्था देत नाही. आपली शेगडी जुनीपेक्षा निश्चितच चांगली आहे. तिला स्वच्छ म्हणता येईल का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. शेजाऱ्यांना त्रास नेमका कोणत्या वेळी होतो एवढे विचारून घ्यावे. तो पेटवण्याच्या किंवा लाकूड भरण्याच्या वेळेशी जुळला, तर उपाय बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे, आणि तो पुढील उत्तरांमध्ये सापडेल.

प्रश्न : आमचे गाव डोंगरांनी वेढलेले आहे. दुपारी आकाश निरभ्र असते आणि रात्री मात्र धुराचा वास घराघरात शिरतो. असे का होते?

उत्तर : निरभ्र आकाश हेच त्याचे एक कारण आहे. एरवी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा उबदार असते, ती वर चढते आणि धूर सोबत घेऊन जाते. हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते, आणि तिच्या डोक्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. यालाच तापमान व्युत्क्रमण म्हणतात. डोंगरउतारांवरची थंड हवाही रात्री खाली घसरून खोऱ्यात साचते, म्हणून खोलगट गावांत हा थर अधिक टिकाऊ असतो आणि सूर्य चांगला वर येईपर्यंत मोडत नाही. लोक शेगड्या पेटवतात त्याही नेमक्या याच वेळी. एवढेच लाकूड वाऱ्याच्या दिवशी भर दुपारी जाळले, तर गावाच्या हवेवर त्याचा परिणाम पुष्कळच कमी होईल. म्हणूनच वर्षाची किंवा महिन्याची सरासरी पाहून समाधान मानणे धोक्याचे असते, कारण श्वास घेणाऱ्याच्या वाट्याला त्या काही वाईट रात्री येतात आणि सरासरीत त्या बुडून जातात.

प्रश्न : ओले लाकूड जाळू नये असे सगळे सांगतात. थोडी उष्णता पाणी सुकवण्यात गेली तर एवढे काय बिघडते?

उत्तर : उष्णतेच्या नासाडीचा हिशेब केला तर आपले म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. असे एक किलो लाकूड घेतले तर त्यातील अर्धा किलो कोरड्या भागापासून सुमारे ९ मेगाज्यूल उष्णता मिळू शकते, आणि अर्धा लिटर पाण्याची वाफ करण्यात त्यातील सव्वा मेगाज्यूलच्या आसपास खर्च होते. ही नासाडी आहेच, पण ओल्या लाकडाचे खरे नुकसान तेथे नाही.

लाकूड तापले की आधी त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. त्याच्या कोरड्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग असाच वायुरूपाने बाहेर पडतो, आणि आपल्याला दिसणारी ज्वाला ही मुख्यतः या वायूंची असते. ते पूर्णपणे जळायचे तर साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान, पुरेशी हवा आणि दोन्ही एकमेकांत मिसळण्यास थोडा अवकाश लागतो. लाकडातून सतत वाफ निघत राहिली की ज्वाला थंड पडते आणि वायू न जळताच धुराड्याकडे निघून जातात. धूर म्हणजे हेच न जळलेले इंधन होय. त्यातला काही भाग बाहेर हवेत जातो आणि काही धुराड्याच्या आतल्या भिंतींवर डांबरासारखा चिकटतो. पुढे एखाद्या दिवशी तोच थर पेट घेऊन धुराड्याला आग लागते. वर्षातून निदान एकदा जाणत्या माणसाकडून धुराडे साफ करून घ्यावे असे सांगितले जाते, ते यासाठीच.

जाळण्याचे लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचे असावे. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणाला हीच अट घातलेली आहे. ओंडके फोडून, जमिनीपासून थोडे वर रचून, वरून झाकून आणि बाजू उघड्या ठेवून वाळवावेत. सर्व बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर ओलावा आतच कोंडतो. मऊ लाकडाला साधारण वर्षभर आणि कठीण लाकडाला बहुधा दोन वर्षे लागतात. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते, पण ते ओंडक्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला टेकवून उपयोग नाही. ओंडका मधोमध फोडावा आणि नव्याने उघड्या पडलेल्या बाजूवर मोजावे, कारण सालीजवळचा भाग लवकर वाळतो आणि दिशाभूल करतो.

प्रश्न : रात्री झोपताना शेगडी लाकडांनी भरून हवेची झडप जवळजवळ बंद करतो. सकाळपर्यंत निखारे टिकतात आणि लाकूडही कमी लागते. यात काही गैर आहे का?

उत्तर : आहे, आणि माझ्या मते घरगुती शेगडीच्या वापरातील हीच सर्वांत हानिकारक सवय आहे. झडप बंद केल्याने लाकूड तापायचे थांबत नाही. त्यातून वायू सुटतच राहतात, फक्त त्यांना जाळण्यासाठी लागणारी हवा आणि ज्वाला उरलेली नसते. सारी रात्र धुमसणारी शेगडी अशा रीतीने आपले इंधन धुराड्यावाटे फेकत राहते, आणि तेही व्युत्क्रमणाचा थर सर्वांत घट्ट असताना. लाकूड कमी लागते हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे, कारण न जळलेल्या वायूंबरोबर आपण विकत घेतलेली किंवा कष्टाने फोडलेली उष्णताच बाहेर जात असते. शिवाय अपुऱ्या हवेच्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड अधिक तयार होतो. झोपेच्या वेळी घरात तो नको असलेला पाहुणा आहे. शेगडी असलेल्या प्रत्येक घरात या वायूची सूचना देणारे यंत्र असायलाच हवे.

याऐवजी संध्याकाळी लवकर, छोटी पण जोमदार आग करावी, घराच्या भिंतींना उष्णता साठवू द्यावी आणि झोपण्यापूर्वी आग पूर्ण जळून विझू द्यावी. पेटवताना मोठी लाकडे खाली, त्यांवर मध्यम आणि सर्वांत वर बारीक ढलप्या रचून वरच्या टोकाला काडी लावावी. खालून पेटवले तर वरची थंड लाकडे तापताना जे वायू सोडतात त्यांना ज्वाला गाठायला वेळ लागतो. वरून पेटवल्यास खालून येणारे वायू ज्वालेतूनच वर जातात आणि पेटवतानाचा धूर पुष्कळ कमी होतो. पहिली वीस मिनिटे तरी हवेची झडप पूर्ण उघडी असावी. नंतर लाकूड घालताना एकदम भरू नये. लाल निखाऱ्यांवर एकदोन तुकडे घालावेत आणि ते नीट पेटेपर्यंत झडप पुन्हा उघडी ठेवावी. दाराची काच काळी पडू लागली तर तीही एक तक्रारच समजावी. बाहेर जाऊन धुराड्याकडे एक नजर टाकण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. पेटवल्यानंतर अर्ध्या तासानेही दाट धूर दिसत असेल, तर लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे.

प्रश्न : घरदुरुस्तीत निघालेल्या जुन्या फळ्या आणि प्लायवूडचे तुकडे जाळले तर चालतील का?

उत्तर : चालणार नाहीत. जुन्या रंगात शिसे असू शकते, कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या जुन्या लाकडात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक असू शकते, आणि प्लायवूड वा भुशाच्या फळ्यांत डिंकासारखी कृत्रिम रसायने असतात. आर्सेनिक काही धुरातून जाते आणि काही राखेत उरते, म्हणजे ती राख बागेत टाकली की प्रश्न जमिनीत जातो. समुद्रातून वाहून आलेले खारट लाकूडही टाळावे, कारण त्यातील क्लोरीनमुळे डायॉक्सिन तयार होतात.

प्रश्न : लाकूड नैसर्गिक आहे, आणि झाड वाढताना शोषलेला कार्बनच जळताना परत जातो. मग लाकडाला विरोध कशासाठी?

उत्तर : या प्रश्नात दोन निरनिराळे हिशेब एकत्र झाले आहेत. कार्बन डायॉक्साइडचा हिशेब दशकांचा आणि साऱ्या पृथ्वीचा असतो. तोडलेल्या झाडाच्या जागी तेवढेच वाढत असेल, तर त्यात आपल्या म्हणण्याला काही आधार आहे, जरी धुरातील काजळीचे कण स्वतंत्रपणे वातावरण तापवतात हे विसरता येत नाही. फुफ्फुसांचा हिशेब मात्र आजच्या रात्रीचा आणि आपल्या गल्लीचा असतो, आणि त्यात इंधन नैसर्गिक आहे की कृत्रिम याला काहीच किंमत नाही. लाकडाच्या धुरात बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि बेंझोपायरीनसारखी संयुगे असतात. घरात लाकूड वा तत्सम जैवइंधन जाळल्याने होणाऱ्या उत्सर्जनाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात बहुधा कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात ठेवले आहे, आणि बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांना तर २०१३ साली निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. दमा, हृदयविकार, लहान मुले आणि गर्भवती यांच्याविषयीची चिंता याहून जुनी आहे.

प्रश्न : हवेतील कण वाहनांचे नसून लाकडाचेच आहेत हे कसे ओळखतात?

उत्तर : लाकडातील सेल्युलोज तापून विघटित झाले की लेव्होग्लुकोसान नावाचे संयुग तयार होते. पेट्रोल वा डिझेल जळून ते तयार होत नाही. हवेतील कण गाळणीवर गोळा करून त्यात ते किती आहे हे पाहिले की लाकडाच्या धुराचा अंदाज येतो. दुसरी पद्धत कार्बन १४ ची, म्हणजे कार्बनच्या काळानुसार क्षय पावणाऱ्या किरणोत्सर्गी प्रकाराची आहे. लाखो वर्षे जमिनीखाली राहिलेल्या खनिज इंधनात तो उरलेलाच नसतो, लाकडात मात्र असतो.

प्रश्न : घरगुती शेगड्यांचा धूर कमी करण्यात एखाद्या गावाला खरोखर यश आले आहे का? की हे सारे प्रबोधनापुरतेच राहते?

उत्तर : यश आले आहे, आणि ते कोणत्या मार्गाने आले हे पाहणे उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील लॉन्सेस्टन हे शहर खोऱ्यात वसलेले असून तेथील हिवाळी धूर कुप्रसिद्ध होता. २००१ पासून तेथे लाकडाची शेगडी काढून विजेवर चालणारे तापक बसवणाऱ्यांना सरकारी अर्थसाहाय्य मिळू लागले, आणि सोबत लोकशिक्षणही झाले. लाकडावर उब घेणाऱ्या घरांचे प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. हिवाळ्यातील पीएम १० म्हणजे दहा मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांची सरासरी घनमीटरला ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ पर्यंत उतरली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिवाळ्यातील श्वसनविकारांमुळे होणारे मृत्यू सुमारे २८ टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. शहर लहान असल्यामुळे या टक्केवारीत अनिश्चितता बरीच आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या लिबी या छोट्या गावाने दुसरा मार्ग धरला. २००५ ते २००७ या काळात तेथील अकराशेच्या आसपास जुन्या शेगड्या बदलण्यात आल्या, आणि त्यांच्या जागी मुख्यतः नव्या प्रमाणित लाकडी शेगड्याच आल्या. हिवाळ्यातील पीएम २.५ चे प्रमाण पाव हिश्शाहून थोडे अधिक घटले. ही घट नगण्य नाही. तरीही जवळजवळ सगळ्या जुन्या शेगड्या बदलूनही एवढीच घट व्हावी, यात बरेच काही आले, आणि घरांच्या आतल्या हवेतील सुधारणाही घरागणिक फार वेगवेगळी निघाली. पोलंडमधील क्राकूव्ह शहराने तर १ सप्टेंबर २०१९ पासून घरगुती वापरासाठी कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळण्यावर बंदी घातली. तेथे मुख्य प्रश्न कोळशाचा होता, पण लाकडाला सूट दिली गेली नाही हे लक्षात घ्यावे.

या दोन टोकांच्या मधला मार्गही आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात ऑक्टोबर २०१८ पासून तासाला २.५ ग्रॅमपेक्षा जास्त कण सोडणारी शेगडी वापरता येत नाही, आणि धुरक्याचा इशारा दिलेल्या दिवशी चांगली शेगडीही पेटवता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरी परिसरातही इशाऱ्याच्या दिवशी लाकूड जाळण्यास मनाई असते. मला हा नियम सर्वांत न्याय्य वाटतो, कारण तो सगळा हिवाळा बंद करत नाही, ज्या रात्री हवा धूर वाहून नेणार नाही त्याच रात्री बंद करतो. अर्थात त्यासाठी हवामानाचा विश्वासार्ह अंदाज, घरोघरी उबेचे दुसरे साधन आणि नियम पाळला जातो की नाही हे पाहणारी यंत्रणा लागते. या तिन्हींपैकी एक जरी नसले तर इशारा कागदावरच राहतो.

प्रश्न : आमच्या मुलाला दमा आहे. शेजारच्या धुराड्याचा धूर आमच्या घरात येतो. धुराडे उंच करायला सांगावे का, की हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे?

उत्तर : धुराडे उंच केल्याने लगतच्या घराला थोडा दिलासा मिळू शकतो, पण व्युत्क्रमणाच्या रात्री तोच धूर दोन घरे पलीकडे उतरतो. शेजाऱ्यांशी बोलताना तक्रारीऐवजी नोंद घेऊन जावे : कोणत्या दिवशी, किती वाजता, वारा कसा होता. बरेचदा पेटवण्याच्या पद्धतीतच दोष सापडतो आणि तो दुरुस्त करणे त्यांच्याही हिताचे असते. बोलण्याचा उपयोग झाला नाही तर हीच नोंद स्थानिक प्रशासनाकडे तक्रार करताना कामी येते.

घरापुरते म्हणाल, तर सर्वांत वाईट वेळेत खिडक्या बंद ठेवून मुलाच्या झोपण्याच्या खोलीत हेपा गाळणीचे यंत्र चालवावे. ही गाळणी ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवते. यंत्राची क्षमता खोलीच्या आकाराला पुरेशी असावी, आणि ओझोन निर्माण करणारी यंत्रे टाळावीत, कारण ओझोन स्वतःच दम्याला त्रासदायक आहे. गाळणी वायू अडवत नाही, म्हणून वास काही प्रमाणात येत राहील. वास आला म्हणजे यंत्र बिघडले असे समजू नये. दुपारी हवा मोकळी झाली की खिडक्या उघडाव्यात. मुलाच्या औषधांत बदल करायचा की नाही हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

प्रश्न : आमच्याकडे उबेचे दुसरे साधनच नाही. शेगडी बंद करा असे सांगणे सोपे आहे. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : ज्यांच्याकडे दुसरे साधन आहे आणि जे केवळ शोभेसाठी आग पेटवतात, त्यांनी आधी थांबावे. आपल्यासारख्यांची पाळी त्यानंतर येते. आपण लाकडाची गरजच कमी करण्यापासून सुरुवात करावी. छतातून, दारांच्या फटींतून आणि एकेरी काचांतून निसटणारी उष्णता अडवली, तर तेवढीच उब कमी लाकडात मिळते, आणि न जाळलेल्या लाकडाचा धूर होत नाही. फटी बुजवताना शेगडीला ज्वलनासाठी लागणारी हवा येण्याचा मार्ग मात्र कधीही बंद करू नये. सारे घर तापवण्याऐवजी वापरातली एकच खोली तापवावी. पुढील हिवाळ्याचे लाकूड या हिवाळ्यातच फोडून रचून ठेवावे, कारण पैसा न खर्चता मिळणारी सर्वांत मोठी सुधारणा तीच आहे.

पुढेमागे खर्च करणे शक्य झाले, तर नवी लाकडी शेगडी घेण्यापूर्वी उष्णता पंपाची चौकशी करावी. तो बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो, आणि फार कडक थंडी नसेल तर विजेच्या एका युनिटमागे सुमारे तीन युनिट उष्णता देऊ शकतो. वीज वारंवार जात असेल, तर जुनी शेगडी फक्त तेवढ्यासाठी राखून ठेवता येईल. लाकडावाचून इलाजच नसेल, तर दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी पाहावी. त्या गोळ्यांत ओलावा १० टक्क्यांपेक्षा कमी असतो आणि यंत्र त्या थोड्याथोड्या घालत राहते, त्यामुळे ज्वलन माणसाच्या सवयीवर कमी अवलंबून राहते. त्या शेगडीलाही थोडी वीज लागते, हे खरेदीपूर्वी ध्यानात असू द्यावे.